मुंढा सैल केला तरी

प्रिय ठमू,

तुझं पार्सल पोचलं. सहा शर्ट आणि दोन ओळींची चिठ्ठी: काखेतल्या पट्ट्या बदलून द्या, आणि सोमवारी मी शाळेत राजीनामा देतेय, कारण विचारू नका. आता मी शिंपी म्हणून पट्ट्या बदलायच्या की बाप म्हणून कारण विचारायचं? काही सुचत नाहीये. काल एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तुझी आई म्हणते, शाळेत कुणाशी वाजलं असेल. मलाही आधी तसंच वाटलं, मग मी शर्ट उलटे केले.

काखेतल्या पट्ट्यांचं कापड पिवळं पडून कडक झालंय, शिवणीपाशी विरलंय. शिक्षकांचे कपडे मी खूप शिवलेत. धुतलेल्या बाहीच्याही शिवणीत कोपरापर्यंत खडूची भुकटी अडकलेली असते. तुझ्या फक्त कफात आहे. म्हणजे तू फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहितेस? हात वर नेतच नाहीस? चौथीची पोरं हसतात का गं? का शिक्षकांच्या खोलीत कुणी खवचटपणे अत्तराची बाटली पुढे केली? मी आपला तर्क करत बसलोय, खरं काय ते तुलाच ठाऊक.

चूक माझीच म्हणावी का, तेही कळत नाही. तू चौदाची असताना पहिल्यांदा गणवेशावर ओले डाग दिसले. मला वाटलं, वाढतं अंग आहे, मुंढा घट्ट होत असेल. बाही जोडायचा तो घेर अर्धा इंच सैल केला. डाग गेले नाहीत, म्हणून आणखी सैल केला. मग गुपचूप आतून पट्ट्या शिवल्या, मग तुझ्यासाठी गडदच कापड आणायला लागलो. पोरीला लाजवायचं कशाला, झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनात. एका शब्दाने बोललो नाही. त्यातून तुला काय वाटलं असेल? बाबालाच आपली लाज वाटते, असं? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं बारा वर्षं चाललं आणि मी मात्र स्वतःला हुशार समजत होतो.

परवा त्यातला एक शर्ट पिशवीत घालून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पेशंट कुठे आहे, असं त्यांनी विचारलं, तर मी शर्ट टेबलावर ठेवला. हसू नकोस, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, उन्हात, धावपळीत, घाबरल्यावर काखेत घाम सगळ्यांनाच येतो, तो यायलाच हवा. पण गार खोलीत स्वस्थ बसूनही शर्ट भिजतो, दोन्हीकडे सारखाच, लहान वयापासून, आणि झोपेत मात्र येत नाही, तर ती अंगाचीच ठेवण असते. अस्वच्छतेशी त्याचा काही संबंध नाही. अचानक सुरू झाला, एकाच बाजूला यायला लागला, झोपेत अंथरूण भिजलं, ताप आला, वजन उतरलं, तर आणखी तपासण्या लागतात. सुवासिक फवारे नुसता वास झाकतात. घाम कमी करणारं औषध वेगळं, ते झोपताना कोरड्या कातडीवर लावतात, आणि तेवढ्याने भागलं नाही तर पुढचे उपायही आहेत. मी विचारलं, याला त्रास म्हणायचं कधी? किती ओलं झालं की? तर म्हणे, ते मापाने ठरत नाही. घामापायी माणूस करायच्या गोष्टी टाळायला लागला, की तो त्रास. सगळा जन्म टेपवर काढलेल्या माणसाला हे कसं उमगावं? मग त्या तुझ्याबद्दल विचारत गेल्या. तुझ्या खांद्याचं माप मला पाव इंचापर्यंत पाठ आहे, पण त्यांच्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला देता येईना.

शेवटी त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला आहे? मी नाही म्हणालो आणि घरी आलो. खोटं बोललो, ठमू. मला आहे, पंधराव्या वर्षापासून. दुकानात बारा महिने काळं जाकीट घालतो ते काही शोभेसाठी नाही. तुझी आई माझे शर्ट धुते, तिला माहीत असणारच, पण तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तुला पदवी मिळाली त्या दिवशी तू धावत आलीस आणि मी हात अंगाशी आवळून नुसता उभा राहिलो. तुझा चेहरा उतरला, तो मी पाहिला. मला तुला जवळ घ्यायचं होतं गं, पण जाकिटाच्या आत मी चिंब भिजलो होतो. आता तूही माझ्यासारखीच एकेक गोष्ट सोडत निघालीस, म्हणून हे लिहितोय. आज सकाळी परत जाऊन बाईंना खरं सांगितलं. त्यांनी शनिवारची वेळ दिलीय, आपल्या दोघांची. राजीनामा काय, नंतरही देता येतो. मला एकट्याने जायची भीती वाटते, तू ये.

तुझाच,
बाबा