पाणचक्कीतला ण

मोहाडी, १२ ऑक्टोबर

आदरणीय व्याही कृष्णराव यांना,

हेमराजचा दीड हात जोडून नमस्कार. (उरलेल्या अर्ध्या हाताला पट्टी आहे, कारण पुढे येईलच.) तुमच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू सुखरूप निघाला हे रिताकडून कळलं आणि जीव भांड्यात पडला. उजव्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात आहे, तोवर वाचणं-लिहिणं बंद, हेही कळलं. विहीणबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद आणि नातीचे दोन्ही गाल माझ्या वतीनं कुणीतरी ओढावेत. तुम्हाला वाचून दाखवायचं काम आमच्या हिनं अंगावर घेतलं आहे, म्हणजे हे पत्र आत्ता साधनाच्या आवाजात तुमच्या कानावर पडत असणार. तीस वर्षं तिनं शाळेत धडे वाचले आहेत, तेव्हा उच्चारांची काळजी नको. (साधना, कंस आला की मनात वाचायचा. कंसाबाहेरचं व्याह्यांचं, कंसातलं तुझं. पट्टीचं मोठ्यानं वाचून झालं असेल तर जाऊ दे.)

तुमचं पत्र पोचलं. तुम्ही सांगितलंत आणि हिनं लिहून घेतलं, त्यामुळे पाकिटावरचं अक्षर पाहून मी आधी हातपाय धुतले, मग चष्मा पुसला आणि मग पाकीट फोडलं. चार पानं तिच्या अक्षरात, आणि त्यातलं एकही वाक्य तिचं नाही. तरी दोनदा वाचलं. ही फाल्गुनात रिताच्या बाळंतपणाला दोन महिन्यांसाठी गेली. मग बाळाचे दात आले, मग तुमचा डोळा आला. आता रिता म्हणते, बाबा, मोहाडीचं घर विकून टाका आणि दोघं इकडंच डेहराडूनला राहा. आमची ही यावर होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. 'बघू' म्हणते. फोनवर तिच्यामागे सतत चार माणसं आणि एक मिक्सर असतो, त्यामुळे 'बघू' म्हणजे नेमकं काय ते विचारता येत नाही. (म्हणजे काय?)

आता घराटाचं सांगतो. मागच्या महिन्यात फोनवर ती म्हणाली, "आज आम्ही दिवसभर घराटातच होतो." मी म्हटलं, बरं केलंत, पावसाळ्यात घरातच असावं. ती म्हणाली, अहो घरात नाही, घराटात. मी म्हटलं, मी तेच म्हणतोय. हे पाच मिनिटं चाललं. शेवटी तुमच्या पत्रातून उलगडा झाला, की तुमच्याकडे पाण्यावर फिरणाऱ्या जात्याला घराट म्हणतात. दोन्हीकडे उंच डोंगर, मधून खळाळणारा ओढा, ऊन खाली उतरणार नाही अशी झाडी, आणि दर वळणावर दगडी खोपटात शंभर-दीडशे वर्षांचं घराट अजून पीठ काढतंय. ऑपरेशनच्या आधी डोळे भरून पाहून घ्यावं म्हणून तुम्ही सगळे पायी गेलात. तिथल्या पिठाची भाकरी खाल्लीत. 'साधनाबाई पाण्यात पाय सोडून बसल्या, फार खूश होत्या' असं तुम्ही सांगितलंत आणि ते तिनंच स्वतःच्या हातानं लिहिलं. ते वाक्य वाचून मी अंगनात जाऊन तुळशीला पाणी घातलं. तुळशीला सकाळीच घातलं होतं.

माझा पोटशूळ उठला, हे कबूल करतो. लगेच फोन लावून सांगितलं, की त्यात काय एवढं, आमच्या सिहोऱ्याच्या पलीकडच्या डोंगरातही जुनी पाणचक्की आहे. लहानपणी आजोबांकडून ऐकल्यासारखं वाटत होतं. (खरं म्हणजे बोलता बोलता सुचलं.) तर ही म्हणाली, "खरंच? फोटो पाठवा. असली तर बघायला येते." येते म्हणाली, व्याही. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

दुसऱ्याच दिवशी टेकचंदला उठवला. टेकचंद तुम्हाला आठवेल, जवाहरनगरच्या फॅक्टरीत आपल्याच सेक्शनला होता, कॅन्टीनमध्ये दोनदा जेवायचा. त्याच्या मोटरसायकलवर सिहोरा गाठलं. चौकात एकाला पाणचक्की विचारली. आता आपल्या तोंडात ण काही बसत नाही हे तुम्ही जाणताच, त्यामुळे निघालं ते 'पानचक्की'. त्यानं पान तेवढं ऐकलं आणि अदबीनं पानठेल्यावर नेऊन उभं केलं. ठेलेवाला म्हणाला, "चक्की कायची जी, खर्रा घोटून देऊ का?" टेकचंदनं सुपारी-तंबाखूचे ते दोन खर्रे घेतले. (मी खाल्ला नाही. अर्धाच खाल्ला.) मग मी शहाणपणा करून 'जुनी चक्की' विचारली, तर सगळ्यांनी एकमुखानं भोजराजच्या पिठाच्या गिरणीवर धाडलं. भोजराजनं आम्हाला बाकावर बसवलं आणि टेकचंदची डब्याची पिशवी गहू समजून रांगेत लावली. "लाईन नाही, बसून राहा," म्हणाला. तासाभरानं लाईन आली, गिरणी सुरू झाली आणि आमच्या पुऱ्या दळल्या जाता जाता वाचल्या.

पुढे जंगलाची वाट. नाल्याच्या काठानं चढत गेलो. वाटेत कोनी भेटेना. सागाची पानं एवढाली झालेली, दोन्हीकडून खडक जवळ येत गेलेले आणि मधून नाला वाहत होता. व्याही, डेहराडून डेहराडूनच्या जागी, पण हेही काही कमी नव्हतं. मी दर वळणावर थांबून मागं बघत होतो. टेकचंदला वाटलं वाघाला घाबरलो. तसं नव्हतं. चांगलं काही दिसलं की ते मागून येणाऱ्या बाईला दाखवायची छत्तीस वर्षांची सवय आहे, आणि मागून टेकचंद येत होता.

शेवटी बकऱ्या घेऊन एक म्हातारी भेटली, दुर्गाबाई. चक्कीचा गोल दगड कुठं दिसलाय का विचारल्यावर म्हणाली, "गोटा हाय नाल्यात. पन तुमी कायले जाऊन राहिले जी? बाई संग नाही का?" मी म्हटलं, बाई डेहराडूनला आहे. ती म्हणाली, "मंग ते आल्यावर या ना. गोटा कुठी पळून राहिला?" एवढी सरळ गोष्ट मला आठ महिन्यांत कुणी सांगितली नव्हती. पण मला फोटो हवा होता. नाल्यात गुडघाभर पानी होतं. पहिल्याच पावलाला घसरलो, हात खडकावर आपटला आणि हिनं घेऊन दिलेल्या बुटांतला डावा वाहून गेला. एका बुटावर पोचलो आणि दगड सापडला! गोल, मधे भोक, वर टाकी मारलेल्या रेघा. शेजारी पडक्या भिंतीचे चार थर. फिटरचा हात आहे माझा, वितीनं मोजला, हात फिरवला, चक्कीचाच दगड. फक्त एकच होता. दुसरा आम्ही टेकचंदची दुसऱ्यांदा जेवायची वेळ होईपर्यंत शोधला. फिटर म्हणून सांगतो, एका दगडानं काही दळलं जात नाही. तो नुसता पडून राहतो.

फोटो सोबत जोडला आहे. दगडावर बसलेला एका बुटाचा माणूस मीच.

धानाला लोंब्या आल्या आहेत. तुमचा दुसरा डोळाही पहिल्यासारखाच लख्ख होवो.

आपला,
हेमराज निमजे

ता. क. टेकचंदनं फोटो भोजराजला दाखवला. तो दगड त्याच्याच गिरणीचा निघाला. झिजला म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यानं बायांना कपडे आपटायला नाल्यात नेऊन टाकला होता, आणि भिंत कुठल्याशा वाहून गेलेल्या बंधाऱ्याची आहे. तेव्हा आमच्याकडे पाणचक्की नाही. नव्हतीच. फोटो परत पाठवायची गरज नाही.

ता. क. दुसरा. व्याही, उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी वाचून दाखवायला दुसरं कुणी मिळेल का? जावईबापूंचा आवाजही चांगला आहे. तुमच्याकडे घराट आहे, दार उघडलं की नातीचं रडणं आहे. इकडे घरात मी आहे आणि उजवा बूट आहे.

ता. क. तिसरा. (साधना, हा सगळा कंसात आहे, तेव्हा आवाज बंद कर. पाणचक्की नाही, बघण्यासारखं काही नाही, तरी ये. घर मला विकायचं नाही, आणि तुझ्याशिवाय त्यात राहवत नाही. तोंडी बोलणं सोडून या पत्रात मी तीन जागी 'ण'च्या ठिकाणी मुद्दाम 'न' लिहिला आहे. तुला ते दिसले असणार, आणि तुझा हात लाल पेनाकडे गेला असणार. दुरुस्त कर, पण पत्र टपालानं पाठवू नकोस. घेऊन ये.)