दोनच टायर

३ जानेवारी, शनिवार
शिरूरहून टायर आले. नग २, बसवून रु. ११,४००. काढलेले दोन कडेला भेगाळलेत, पण टाकवेनात. गोठ्याच्या पत्र्यावर ठेवले, वाऱ्यात पत्रा उडायला नको. हे म्हणाले, "चारी घे." मी म्हटलं, मागच्यांना अजून नक्षी हाय की. गाडी संतोषची. धाकटा भाऊ सीमेवर, गाडी माझ्या हवाली. म्हणून तर हात राखून खर्च.

६ जानेवारी, मंगळवार
अंगारकी. देवळापाशी वळताना गाडी खालून धाड् धाड् अडखळली. सरळ रस्त्याला काही नाही. गणपतीपुढं जरा जास्तच वेळ उभी राहिले.

८ जानेवारी, गुरुवार
यवतला बाळू मेस्त्रीकडं. त्यानं मैदानात गोल गोल फिरवली. "ताई, चारी चाकांना जोर वाटणारी पेटी असती खाली. ती खोलावी लागंल. कवापास्नं वाजतीया?" म्हटलं, झाले दोन-चार दिवस. टायरचं बोलले नाही.

१० जानेवारी, शनिवार
तुळशीला गेरू लावला. उरलेल्याचा पुढच्या नि मागच्या चाकावर एकेक पट्टा ओढला. ह्यांना म्हटलं, गाडी हळू पुढं घ्या.
"संक्रांतीआधीच नटवतीस व्हय हिला?"
पण घेतली. अंगणात लाल खुणा उठल्या. शिवणाची टेप लावली. नव्या चाकाचा एक फेर जुन्यापेक्षा दोन बोटं लांब! पुढची चाकं आपल्या चालीनं, मागची आपल्या. ओढाताण मधल्या पेटीची.

१२ जानेवारी, सोमवार
मेस्त्रीला फोनवर खरं सांगून टाकलं. हसला. "ह्या गाडीला चारी सारखेच लागत्यात, ताई. आधी जुने चढवा, मग बघू."
पत्र्यावरचे उतरवले, चढवले. अंगणात गोल फिरवली. आवाज नाही! देवापुढं साखर ठेवली. हे म्हणाले, "पत्र्यावर आता नवे ठिवू." मलाही हसू आवरेना.
पेटीला आतून इजा झाली का, ते चालवल्याशिवाय कळायचं नाही म्हणे. आणि भेगाळलेल्यांवर यवतच्या पुढं जायचं नाही.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. संतोषच्या चौकीवर फोन लागत नाही. तिळाच्या वड्यांचं पार्सल बांधलं, आत चिठ्ठी. शेवट असा लिहिला:
"दोन टायर वाचवायला गेले नि तुझ्या गाडीला त्रास दिला. चूक माझी, तुझ्या दाजींची नाही. तसलेच आणखी दोन घेऊ, का तू येईस्तोवर उभी ठेवू? रागावला असशील तर तेही लिही. पण उलट टपाली कळव."