वाटाण्याची बशी

३ फेब्रुवारी

ती. वहिनी यांस,

नमस्कार. मी खुशाल आहे. घरी सगळे बरे असतील, दादाचा खोकलाही थांबला असेल. फोनवर मी अडखळतो, म्हणून लिहितो. आधी कच्चे लिहिले, आता पक्के लिहीत आहे.

घड्याळांच्या दुकानात बरे चालले आहे. मालक म्हणतात, "सावकाश कर, पण एकदाच कर." असे वाक्य आपल्या सायकलच्या दुकानात मी सहा वर्षांत ऐकले नव्हते. असो.

ठकीला सांगा, मी घर सोडताना तिने डब्यात घालून दिलेले कासवाचे पिल्लू, म्हणजे वाटाणा, सुखरूप आहे. त्याला मी रोज टबासकट दुकानात घेऊन जातो आणि घेऊन येतो. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडून आहार लिहून घेतला आहे. बारीक गोळ्या, गांडुळाचे तुकडे, कोवळी पाने, किसलेले गाजर, कवचासाठी कॅल्शियमची चिमूटभर पूड आणि सकाळचे ऊन. दूध, पाव, मीठ अजिबात नाही. एका वेळचे खाणे त्याच्या डोक्याएवढेच द्यायचे. डोके मोजायला मी घड्याळाचे सुटे भाग मोजायचे माप आणले, तर स्वारीने डोकेच आत घेतले. चाळीस मिनिटे थांबलो. नऊ मिलिमीटर भरले.

ठकी खाणे सरळ टबात टाकायची, पाणी गढूळ व्हायचे. इतके दिवस मीही तेच केले, या आठवड्यात ती पद्धत बंद केली. आता त्याला बाहेर काढतो, नीट पुसतो आणि कोरड्या पांढऱ्या बशीत वाढतो. टबातले पाणी इतके स्वच्छ आहे की टबाखालचे वर्तमानपत्र वाचता येते.

माझे जेवणही वेळेवर होते. दादाने विचारले तरच सांगा.

आपला,
धाकटा

१२ फेब्रुवारी

ती. वहिनी यांस,

नमस्कार. तुमचे दोन ओळींचे उत्तर मिळाले. "भाऊजी, एवढे लांबलचक लिहिलेत. पिल्लू खाते का, ते कुठेच नाही."

नव्हते खात. तुम्हाला लिहिले, तेव्हाच चौथा दिवस होता. डॉक्टरीणबाई सुट्टीवर होत्या. मी गाजर तीन तऱ्हांनी किसले. बशी दोनदा बदलली. वाटाणा बशीपाशी यायचा, तुकडा तोंडात धरायचा आणि टाकून द्यायचा. सातव्या दिवशी तो तळहातावर घेतला तर पाय मारीना. ठकी दर रविवारी फोनवर विचारते, "काका, तो जाड झाला का?" आणि मी "हो" म्हणतो. त्या रविवारी "हो" म्हणून फोन ठेवला आणि कितीतरी वेळ टबाजवळ बसून राहिलो.

सोमवारी दुपारी दुकानात दादा आला.

मला वाटले, काही वाईट झाले. त्याने मनगटावरचे घड्याळ काढून काउंटरवर ठेवले. "बंद पडलंय. बघ." दोन महिन्यांनी आमच्यात झालेले बोलणे एवढेच. मग त्याला बशी दिसली, आणि त्याने मला ठेवलेले जुने नाव बाहेर आले.

"हे काय रे, मोजपट्टी? कासवाला बशीत जेवण? गळ्याला रुमालपण बांध की!"

"खात नाही तो," मी म्हणालो.

दादाचे हसू गेले. त्याने बशी उचलली, वाटाण्याला उचलले आणि खाण्यासकट त्याला बदकन टबात सोडले. पाणी माझ्या शर्टावर, मालकांच्या चष्म्यावर. "पाण्यातला जीव आहे तो. कोरडं गिळेल कसा? ठकीला कळतं, तुला कळत नाही?"

वाटाणा क्षणभर तसाच तरंगला. मग मान लांब करून गांडुळाचा तुकडा पकडला आणि गिळला, वहिनी. दुसरा गिळला. तिसरा. दादाने अशी टाळी वाजवली की मालकांच्या चिमट्यातला स्क्रू उडाला, तो अजून सापडायचा आहे.

नंतर दादाने माझ्या डब्याचे झाकण उघडले. आत पावाच्या दोन सुक्या चकत्या होत्या. त्याने झाकण फार हळू लावले. त्याला इतक्या हळू काही करताना मी पहिल्यांदा पाहिले.

"घड्याळ कधी मिळेल?"

"आठ दिवस लागतील."

"एवढ्याशा घड्याळाला आठ दिवस?" तो जुन्या सवयीने ओरडला. मग दारापर्यंत जाऊन थांबला. "बरं. घे आठ दिवस. नीट कर."

आता त्या घड्याळाचे. त्याला काहीही झालेले नव्हते. काटे फिरवायचे बाजूचे बारीक बटण कोणीतरी बाहेर ओढून ठेवले होते. आत दाबले, चालू. ते बटण दादाच्या बोटांना सापडतसुद्धा नाही, हे आपल्या दोघांना माहीत आहे.

एक गोष्ट मी तुम्हालाही सांगितली नव्हती. मी घर सोडले त्या दिवशी दादा गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "हा चाक दुरुस्त करतोय की लहानाचं मोठं करतोय?" सगळे हसले आणि मी पाना फेकून निघालो. खरे म्हणजे हसू मलाही आले होते. पण तोवर पाना हातातून सुटला होता, आणि पाना फेकल्यावर माणसाला हसता येत नाही.

वाटाणा आता रोज खातो. पाणी गढूळ असते. मी रोज बदलतो.

घड्याळ घेऊन रविवारी मीच येतो, वाटाण्यालाही आणतो. तो जाड झाला की नाही, ते ठकीने स्वतः पाहावे. त्याला टबात वाढू. माझे ताट दादाच्या शेजारी मांडा.

आणि ते बटण पुन्हा ओढू नका, झिजते. पुढच्या वेळी नुसते "या" लिहिलेत तरी मी येईन.

दादाला मोठ्याने वाचून दाखवा, खालच्या नावासकट.

तुमचा,
मोजपट्टी