लोणच्यानं खाल्लेला डबा

माय, तू विचारलेल्या गोष्टीचं उत्तर मला आज मिळालं. बाहेर ऊन नुसतं पांढरं झालं आहे. कूलरचा वाळा भिजून घरभर वास सुटला आहे आणि मी मांडणीसमोर फरशीवर बसले आहे. पडदा हलला की ताटांवरचं ऊन भिंतीवर डुलतं, जसं काही हे स्वयंपाकघर पाण्याखाली आहे. अशा वेळी तू दिसतेस. पितळी गुंड कमरेवर घेऊन तू इतवारीच्या भांडेबाजारात चालली आहेस, मी तुझा पदर धरून मागे. गुंड मोडीत जातो आणि झाकणाचा मोठा स्टीलचा डबा आपल्याकडे येतो. दुकानदार सांगतो की याला जंग नाही, कल्हई नाही, आंबट ठेवा की खारट. पितळेत ताक कळकायचं, कल्हईवाला महिनोन्महिने फिरकायचा नाही, म्हणून तुला ते सगळं खरं वाटतं. बाबांना न विचारता, आपल्या मनानं घेतलेली तुझी ती पहिलीच वस्तू. येताना डब्यात तोंड पाहून तू हसलीस, ते मला अजून दिसतं.

त्या साली आंब्याचं लोणचं तू बरणीत भरलंच नाहीस. बरणी फुटते, हा फुटत नाही, असं म्हणून डब्यात दाबून भरलंस, वर मीठ पसरलंस आणि झाकण घट्ट लावलंस. थंडीच्या दिवसांत फळीवरून तेल ओघळू लागलं. डबा रिकामा करून उजेडात धरला, तर तळाला मोहरीएवढी भोकं. बाबा म्हणाले, "चाला, चहाले गाळणी झाली." त्यानंतर साधं लुगडं घ्यायचं असलं तरी तुझं एकच, तुम्हीच पाहा.

लग्नानंतर बाबांनी ही गोष्ट आमच्या ह्यांना सांगितली आणि ह्यांना जन्माचं खेळणं मिळालं. माझी भाजी खारट झाली की हे ताट उचलून खालून निरखायचे. म्हणायचे, "इंग्रजाले जमलं नाही ते तुह्या मायनं केलं वं. पोलादाले भोकं पाडले." मी रागवायची, हे जेवत राहायचे. तू मात्र या गोष्टीवर कधी हसली नाहीस. शेवटच्या आजारात मी तुझे पाय चेपत होते, तेव्हा तू छताकडे पाहत विचारलंस, "खरं सांग वं, त्या दुकानदारानं मले फसवलं का मीच चुकली?" मी म्हटलं, झोप आता.

आज वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात सापडलं. तिकडे इंग्रजांच्या मुलखात एक जण बंदुकीच्या नळ्यांसाठी पोलाद घडवत होता. फसलेले तुकडे त्यानं भंगारात टाकले. बाकीचे गंजले, एक तसाच चमकत राहिला, अशी गोष्ट सांगतात. त्यात क्रोमियम नावाचा धातू मिसळलेला होता, तेच हे आपलं स्टील. हवा लागली की त्याच्या अंगावर साय धरते, डोळ्यांना न दिसणारी. ओरखडा पडला तरी पुन्हा धरते. फक्त मिठाचा ओलावा दिवसरात्र एकाच जागी बसून राहिला, तर ती साय तिथे तुटते आणि मीठ आत शिरतं. म्हणजे दुकानदारानं फसवलं नव्हतं, त्यालाही इतकं ठाऊक नसावं. आणि तू चुकली नव्हतीस. जे तुला सांगितलं, त्यावर तू विश्वास ठेवलास, एवढंच.

हे वाचून पहिल्यांदा वाटलं, ह्यांना सांगावं. मी हाकही मारली. मग कूलरचा आवाज तेवढा ऐकू आला. ह्यांना जाऊन तीन उन्हाळे झाले, तरी जीभ अजून शिकली नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही. तुला अक्षर येत नव्हतं, म्हणजे असती तरी कोणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं. पण खरं सांगते, असतीस तरी आज लगेच वाचून दाखवलं नसतं. तू चुकीतून सुटलीस की ह्यांची थट्टा खोटी पडते, माय, आणि ह्यांचं माझ्याकडे तेवढंच उरलं आहे. अजून थोडे दिवस तू चुकलेलीच राहा.