लोणच्याच्या बरणीतला दिवा

अप्पा, काल स्वयंपाकघरातलं वरचं कपाट आवरताना ते झाकण हाती आलं. लाल पत्र्याचं, मधोमध भोक पाडलेलं, भोकातून काळ्या वायरचा वीतभर तुकडा लोंबतोय. भोकाभोवती तुम्ही बोटाने फिरवलेलं सिलिकॉन अजून जसंच्या तसं आहे, नखाने उचकटून पाहिलं तरी सुटत नाही. मँचेस्टरला आल्यापासून आम्ही तीन घरं बदलली. दर वेळी हे झाकण कुठल्या ना कुठल्या खोक्यातून बरोबर आलं आणि दर वेळी मी ते आणखी वरच्या कपाटात ठेवलं. तुम्हाला जाऊन अठरा-एकोणीस वर्षं झाली. तुमचा मुलगा म्हणतो, टाक ते, धनुर्वात होईल कुणाला तरी. काल तो ऑफिसला गेल्यावर मी फरशीवर बसले, झाकण नाकाशी नेलं आणि वास घेतला. गंजाचा येतो. दुसरा कसलाही येत नाही.

लग्न होऊन लंडनमध्ये, स्टॅनमोरच्या तुमच्या घरी येऊन मला तेव्हा पाचेक महिने झाले होते. तुमचा मुलगा सकाळी सातला ट्यूब पकडायला बाहेर पडायचा, की घरात आपण दोघंच. सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झालेली, त्यांना मी फोटोतच पाहिलेलं. तुम्ही रिटायर्ड सर्जन, मी पुण्याची इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअर, आणि दोघांनाही दिवसभर करायला काही नाही. मी अर्ज पाठवायचे आणि नम्र नकाराची पत्रं जमवायचे. तुम्ही गॅरेजमध्ये खुडबुड करायचात. गॅरेजमधून येणारा ड्रिलचा आवाज ऐकत मी पोळ्या लाटायचे आणि मनात म्हणायचे, चार वर्षं घासून मिळवलेली डिग्री शेवटी कणकेत मळली. तुमचा रागही यायचा थोडा. उगाचच यायचा, पण यायचा.

मग एका सकाळी तुम्ही किचनच्या दारात उभे राहिलात. तळहातावर पसाभर हिरवे एलईडी, तांदूळ निवडायला घ्यावेत तसे धरलेले.

"इंजिनीअरबाई, जरा एक ओपिनियन द्या. हे बारा व्होल्टच्या बॅटरीला डायरेक्ट लावले तर काय होईल?"

"जळतील, अप्पा."

"एक ऑलरेडी जळला. म्हणून तर आलो."

त्या घरात मला इंजिनीअर म्हणून हाक मारणारे तुम्ही पहिलेच, आणि तीही चेष्टेत. तरी मी गॅस बंद केला, पिठाचे हात धुतले आणि नकाराच्या एका पत्राच्या मागच्या बाजूला सर्किट काढून दिलं. तीन-तीनच्या दहा ओळी, प्रत्येक ओळीला आपला एक रेझिस्टर. तुम्ही तो कागद डोळ्यांजवळ नेलात आणि मान किंचित तिरकी केलीत. तुमच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. समोरचं पुसट, कडेचं ठीक. म्हणून तुम्ही माणसाकडेसुद्धा कानाच्या बाजूने बघायचात. सुरुवातीला मला वाटायचं, सासरे माझ्याकडे बघायचं टाळतात. किती दिवस मी त्यावर कुढले होते, ते आता आठवलं की हसू येतं.

दिवा कशासाठी, ते चहा घेताना सांगितलंत. पाण्याखाली सोडायचा दिवा. म्हाकुलासाठी. म्हाकुल म्हणजे स्क्विड, हेही तुम्हीच सांगितलंत, कारण मी मासे खाणं सोडाच, मंडईत मासळीच्या बाजूने जाताना नाकाला रुमाल लावणारी. तुमच्या गावच्या खाडीत तुमचे काका होडीच्या टोकाला गॅसबत्ती टांगायचे, आणि काळ्या पाण्यातून ती म्हाकुलं उजेडाकडे वर वर यायची. "इथेही येतात, साउथ कोस्टला, ऑक्टोबरमध्ये," तुम्ही म्हणालात. "चाळीस वर्षं ठरवतोय. कधी ऑन कॉल, कधी तुझ्या सासूचं आजारपण. या वर्षी बघितली तर बघितली. पुढच्या वर्षी दिवा असेल, डोळे नसतील." हे तुम्ही बिस्किट चहात बुडवता बुडवता सांगितलंत. दुकानातला तयार दिवा घेऊ या का, असं मी विचारलं तर तुम्हाला अपमान झाल्यासारखं वाटलं. तेवढ्या पैशांत एक होडी येईल, म्हणालात, आणि वर मजा काय त्यात. डोळे गेले तरी हात आहेत माझे. पस्तीस वर्षांत माझा एक टाका सुटला नाही.

मग आपलं काम सुरू झालं. ते तीन आठवडे आता आठवतात तेव्हा सगळ्यावर हिरवट उजेड पडलेला असतो, जेवणाच्या टेबलावर, तुमच्या हातांवर, माझ्या बांगड्यांवर. मी सोल्डरिंग करते आहे, तुम्ही शेजारी स्टुलावर बसून धुराला फुंकर घालता आहात आणि खाडीच्या गोष्टी सांगता आहात. बॅटरी जुन्या बर्गलर अलार्मची, वायर गवत कापायच्या मोडक्या मशिनची. ज्या काचेच्या बरणीत दिवा बसवायचा ती पहिल्यांदा बाथटबमध्ये सोडली तेव्हा ती ऐटीत तरंगायला लागली. दोन उच्चशिक्षित माणसं टबाच्या काठावर बसून तिच्याकडे बघताहेत. "हवा, अप्पा," मी म्हटलं. "हवा कोण काढणार आपल्या डोक्यातली," तुम्ही म्हणालात आणि ड्राइव्हवरची ओंजळभर खडी आणायला गेलात. बरणी खडीने अर्धी भरली, खाली शिसं बांधलं, तेव्हा कुठे ती बुडाली.

ती बरणी सासूबाईंची. त्यांनी घातलेलं शेवटचं कैरीचं लोणचं त्यात होतं. ते कधी संपलं, कुणी संपवलं, मला माहीत नाही. गॅरेजच्या फळीवरून काढून तुम्ही ती माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "आता हिच्यात लोणचं कोण घालणार? काच जाड आहे, झाकण घट्ट आहे. घासून घे. झाकणाच्या आतली कडा नीट बघ हं, तेल मुरतं तिथे. सिलिकॉनला तेल चालत नाही, एक थेंब राहिला तरी ते धरणार नाही. गरम पाणी, सोडा, मग सर्जिकल स्पिरिट." एखाद्या ज्युनिअरला ऑपरेशनची तयारी सांगावी तसं तुम्ही दोनदा सांगितलंत.

मी सिंकपाशी गेले आणि झाकण उघडलं. अप्पा, पाच महिन्यांत मी पहिल्यांदा रडले. मोहरीची डाळ, हिंग, मेथी, त्या जुन्या तेलात मुरलेली कैरी. आमच्या घरी आई मे महिन्यात लोणचं घालायची तेव्हा आम्हाला त्या खोलीत पाऊल टाकायची परवानगी नसायची, आणि दाराच्या फटीतून हाच वास यायचा. मी काच घासली, लख्ख घासली. झाकणाची वरची बाजू घासली, भोकाभोवती स्पिरिट फिरवलं. आतली कडा मात्र ठेवली. नुसती कोरड्या फडक्याने टिपली, दिसायला स्वच्छ दिसेल इतपत. चार दिवस ते झाकण ओट्यावर होतं आणि येता-जाता मी ते नाकाला लावत होते. म्हटलं, सील करायच्या आधी धुऊ. मग सील करायचा दिवस आला, तुम्ही हातमोजे घालून टेबलाशी बसलात आणि विचारलंत, "तेल गेलं ना सगळं?"

मी "हो" म्हटलं.

तुम्ही सिलिकॉन फिरवलंत ते मी बघत होते. बघत नव्हतात तुम्ही, चाचपत होतात. भोकाभोवती एकदा, मग कडेने पूर्ण फेरी, डावा अंगठा पुढे, उजवी तर्जनी मागे. कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही. एवढं सुंदर काम मी नंतरही फार कमी बघितलं आहे. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तुम्ही इतके खुशीत होतात, आणि मला वाटलं, एवढंसं तेल, काय होतंय. एक पूर्ण दिवस सुकू दिलं. रात्रभर दिवा टबात पेटता ठेवला. सकाळी आत थेंब नव्हता.

टबातलं वीतभर पाणी वेगळं आणि समुद्रातलं दोन पुरुष पाणी वेगळं, हे इंजिनीअरला कळायला हवं होतं.

समुद्रावर गेलो त्या रात्री गाडी मी चालवली, भारतातल्या लायसन्सवर. तुमचा मुलगा मागच्या सीटवर झोपला तो पिअरवर पोचल्यावरही उठला नाही. वारा पडलेला. लाकडी फळ्यांखाली पाणी हलतंय की श्वास घेतंय, कळत नव्हतं. दोन-तीन गळवाले आपापल्या फ्लास्कपाशी बसलेले. त्यातला एक म्हातारा बरणीकडे बघून म्हणाला, "व्हॉट्स दॅट, मेट, युअर सपर?" तुम्ही गंभीरपणे "इट वॉज" म्हणालात. मी दोरी सोडत गेले. हिरवा उजेड खाली खाली गेला, स्थिर झाला, आणि पाण्यात एक खोली तयार झाली. आधी धूळ तरंगावी तसे बारीक जीव. मग सुईएवढे मासे, गोल गोल फिरणारे. मग काहीच नाही, खूप वेळ. तुम्ही कठड्यावर कोपर टेकून वाट बघत होतात, आणि मला वाटत होतं आपण कुठे इंग्लंडमध्ये नाहीच, तुमच्या काकांच्या होडीत आहोत.

आणि मग ती आली. तीन. उजेडाच्या कडेला, उलटी पोहत, अंगातून पलीकडचं दिसावं इतकी पातळ, बाजूची झालर हळूहळू हलवत. अंगावर तांबूस ठिपके उमटत होते आणि मिटत होते. केवढे मोठे डोळे.

"आली, अप्पा. तीन आहेत."

"कुठे?"

"डावीकडे, कडेला. गळ देऊ?"

"गळ नंतर. आधी बघू दे."

तुम्ही मान वळवायला लागलात, नेहमीसारखी तिरकी, ते नेमकं स्थान शोधत. आणि खालची एक ओळ विझली. मग दुसरी. पाण्यातली ती खोली एकेका भिंतीने आत येत गेली आणि मिटली. सगळं मिळून चौदा मिनिटं.

वर ओढली तेव्हा बरणी दुप्पट जड झाली होती. तुम्ही अंधारात झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलंत आणि सिलिकॉनचं अख्खं कडं सोलून तुमच्या हातात आलं. "टाका सुटला," तुम्ही म्हणालात. एवढंच. गाडीत बसल्यावर म्हणालात, "सांग, कशी होती ती." मी सांगत राहिले, झालर, ठिपके, डोळे, लंडनभोवतीचा एमट्वेंटीफाइव्ह हायवे येईपर्यंत सांगत राहिले. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. घराजवळ आल्यावर, स्वतःशी बोलावं तसं म्हणालात, "डोळ्यांचं माहीत होतं. हातांचं माहीत नव्हतं."

तेव्हाही मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही हत्यारं खोक्यात भरत होतात. पुढच्या आठवड्यात शर्टाचं तुटलेलं बटण तुम्ही माझ्याकडे शिवायला दिलंत, ज्यांनी माणसं शिवली त्यांनी. संत्रं सोलून मागायला लागलात. कप अर्धाच भरायला सांगायचात. तुमचा मुलगा म्हणायचा, एज आहे गं, होतं असं. मी मान डोलवायचे. जितके दिवस गेले तितकं ते सांगणं अवघड होत गेलं, आणि खोटं बोलणारी सून होण्यापेक्षा गप्प सून होणं मला सोपं वाटलं. याची मला लाज वाटते.

जानेवारीत इथल्या, मँचेस्टरच्या, एका हॉस्पिटलात मशिनं दुरुस्त करायच्या जागेसाठी बोलावणं आलं. अर्जावर तुम्हीच हट्टाने लिहायला लावलं होतंत की मी पाण्याखालचा दिवा बांधला आहे. मुलाखत घेणाऱ्या तिघांतल्या एका बाईंनी विचारलं, चालला का तो? मी म्हटलं, चौदा मिनिटं. त्या हसल्या. मग बंद का पडला? आणि मी एका दमात इंग्रजीत सांगून टाकलं, की सील उत्तम होतं, पृष्ठभागावर तेल होतं, तयारी माझ्याकडे होती आणि ती मी केली नाही. तीन अनोळखी माणसांसमोर, कोट घालून, पाठ ताठ ठेवून. त्यांना ते उत्तर आवडलं. नोकरी त्यावरच मिळाली, असं मला अजून वाटतं. संध्याकाळी तुम्ही दारातच उभे होतात, माझ्या कानाकडे बघत. "काय काय विचारलं, इंजिनीअरबाई?" मी सगळं सांगितलं. तेवढा एक प्रश्न गाळला.

मार्चमध्ये तुम्ही गेलात. आता रोज माझ्या हाताखाली दोन पोरं शिकतात, आणि मी त्यांना दर वेळी म्हणते, आधी पूस, मग लाव. ती आपसात हसतात, की बाईंना याचं वेड आहे. हे पत्र मी कुठे टाकणार, घडी घालून झाकणाबरोबर ठेवून देईन. झाकण टाकणार नाही, तुमच्या मुलाला काय म्हणायचं ते म्हणू दे. भोकाभोवतीचं तुमचं सिलिकॉन, जिथे मी स्पिरिट फिरवलं होतं तिथलं, वीस वर्षांत केसभरही हललेलं नाही. तुमच्या हातांना काही झालं नव्हतं.

तुम्ही विचारलं होतंत, तेल गेलं ना सगळं. नव्हतं गेलं, अप्पा. मी ठेवलं होतं.