हळू चालवणाऱ्यांचा गट

रविवार, ९ मार्च
दुपारी, जेवणानंतर

प्रिय ताई,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. तुझे गुडघे कसे आहेत? मी ठणठणीत आहे. चौदा महिने तोंड न दाखवणारा भाऊ आज पत्र का लिहितोय, असं मनात आलं असेल. एक साधी चौकशी करायची आहे. आमच्या इथे शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत. उंच, साठीच्या, पांढरे केस बारीक कापलेले, सायकल चालवतात. तू त्यांना ओळखतेस का? माझ्याबद्दल त्यांच्याशी कधी काही बोलली आहेस का? रागावणार नाही, खरं सांग.

सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर म्हणशील याचं डोकं फिरलं.

निवृत्त झाल्यापासून घरात बसून अंग आंबून गेलं होतं. जुनी सायकल दुरुस्तीला टाकायला गेलो, तर दुकानाच्या दारावर हाताने लिहिलेली पाटी: 'हळू चालवणाऱ्यांचा गट. दर रविवारी सकाळी सहा. कोणीही या. कोणाला मागे टाकत नाही.' खाली ना वर्गणी, ना अट. तुला ठाऊक आहे, एकतीस वर्षं मी विमा कंपनीत दावे तपासले. दुकान जळालं की मालक रडतोय का हे मी कधी बघितलं नाही. दुकानातलं मांजर आगीच्या आदल्या दिवशी कुठे होतं, ते आधी विचारायचो. असल्या माणसाचा त्या पाटीवर विश्वास बसेल? इथे नक्की पाणी मुरतंय म्हणून गेलो. सायकल चालवायला कमी, तपासायला जास्त.

नऊ-दहा जण होते. या शिवणकामवाल्या बाई पुढारी, त्यांना सगळे कप्तान म्हणतात. एक बेकरीवाला, पोट सुटलेला, सदा हसरा. एक दातांचे डॉक्टर. सगळे माझ्याशी इतकं गोड वागले की मी खिशातलं पाकीट चाचपून पाहिलं. कप्तानबाईंनी वहीत माझा नंबर लिहिला आणि समोर उभं राहून विचारलं, "पडलात तर कोणाला कळवायचं?" पहिल्याच दिवशी हा प्रश्न! मी सायकल दुरुस्तीवाल्याचा नंबर दिला. म्हटलं, निदान सायकलचं तरी तो बघेल.

त्यांची एक पद्धत आहे. एका रांगेत चालवायचं. पहिल्याला खड्डा दिसला की तो 'खड्डा!' म्हणून ओरडतो, आणि प्रत्येकाने तो शब्द आपल्या मागच्याला पोचवायचा. मागून गाडी आली की शेवटचा 'गाडी!' म्हणतो आणि तो शब्द तसाच पुढे जातो. तिसऱ्या रविवारी पुढून शब्द आला आणि मी तो इमानदारीने मागे दिला: "चहा!" मागच्यांचे चेहरे खुलले. बेकरीवाल्याने तर हँडल सोडून टाळी वाजवली आणि तसाच खड्ड्यात गेला. दोन्ही गुडघे सोलले. पुढून 'खड्डा' आला होता म्हणे. "मग नीट ओरडत जा ना," मी म्हणालो.

माझ्यावर कोणी चिडलं नाही, तेच मला खटकलं. बेकरीवाला रस्त्यात बसून पोट धरधरून हसत होता. ज्याचे गुडघे फुटतात त्याने चिडायला हवं, हा साधा नियम आहे. जो चिडत नाही त्याची फाइल मी बाजूला काढून ठेवत असे.

पुढच्या रविवारपासूनची गंमत ऐक. मला रांगेत दुसऱ्या नंबरवर घेतलं. माझ्या शेजारी, गाड्यांच्या बाजूने, सतत कोणीतरी. कधी बेकरीवाला, कधी डॉक्टर, त्यांची पाळी संपली की तिसराच. एकमेकांशी ते मागूनपुढून कसेही बोलायचे, पण माझ्याशी बोलायचं झालं की पुढे येऊन, मान वळवून. विसाव्याला थांबलो की मला भिंतीशी बसवायचे आणि सगळे समोर. आपापसात बोलणं अगदी हळू. मी वळलो की गप्प. मधूनच कोणीतरी "चहा!" म्हणायचं आणि हशा. मी खिशातल्या डायरीत नोंदी ठेवल्या: तारीख, शेजारी कोण, किती वेळ. सवय जात नाही. चार रविवारांत माझी एक बाजू एकदाही मोकळी नव्हती.

म्हणजे पाळत. आणि पाळत ठेवायला कोणीतरी सांगावं लागतं. माझ्यासाठी असं सांगणारं माणूस कोण आहे? फिरून फिरून तूच. बोलत नसलीस तरी मोठी बहीण ती मोठी बहीण, लावलं असेल कोणाला तरी मागे. भयंकर राग आला. आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

आज सकाळी चहाच्या टपरीवर मी डायरी बाकावर आपटली.

"तुम्ही माझ्यावर पाळत ठेवताय," म्हणालो.

कप्तानबाईंनी कप खाली ठेवला आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. "ठेवतोय की," म्हणाल्या.

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"तुमच्याच. त्या चहाच्या दिवशी तुम्हीच सांगितलंत."

मला काही कळेना. मग त्या सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. "मी बावीस वर्षं शिलाईच्या कारखान्यात होते, दादा. एका खोलीत दोनशे मशिनं. निम्म्या बायकांचे कान गेले, माझाही डावा गेला. आम्ही ओठ बघून बोलायचो. तुम्ही पहिल्या दिवशी माझे ओठ बघत होतात, तेव्हाच शंका आली मला, चहाच्या दिवशी खात्री झाली. मागून गाडी आली तर तुम्हाला कळत नाही, म्हणून शेजारी कोणीतरी असतं. बास, एवढीच पाळत."

"मग सरळ विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर पुढच्या रविवारी आला असतात?"

मी डायरी उचलून खिशात घातली. त्या उठायला लागल्या आणि पुन्हा बसल्या. "एक सांगू? ऐकू आलं नाही की तुम्ही 'छान, छान' म्हणता. गेल्या रविवारी डॉक्टरांनी सांगितलं, त्यांचा कुत्रा मेला. तुम्ही म्हणालात, 'छान झालं.' ते समजून घेणारे आहेत. सगळे तसे नसतात हो."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. मी तिथून सायकल हातात धरून घरी आलो, चालवली नाही.

ताई, वरची चौकशी खोटी आहे. तू त्या बाईंना ओळखत नाहीस, हे मला पत्राला बसण्याआधीच माहीत होतं. पण सुरुवात कुठून करावी ते सुचेना. आता लिहितो.

चौदा महिन्यांपूर्वी त्या सकाळी तू फोनवर काय काय बोललीस ते मला माहीत नाही. मला 'हे' आणि 'गेले' एवढंच ऐकू आलं. तू रडत होतीस ते ऐकू आलं नाही. भाऊजी त्या आठवड्यात लेकीकडे जायला निघणार होते, महिनाभर तू तेच सांगत होतीस. मला वाटलं, निघाले एकदाचे. म्हणून मी ते म्हणालो. "बरं झालं बाई, सुटलीस! आता चार दिवस आराम कर." तू फोन ठेवलास. मला वाटलं, लाइन गेली.

दुपारी भाचीचा लेखी निरोप आला तेव्हा मी तो चार वेळा वाचला. धावत तुझ्याकडे आलो. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. तेव्हा एकच वाक्य बोललो असतो, मला ऐकू येत नाही, तर तू तिथल्या तिथे मला जवळ घेतलं असतंस. नाही बोललो. आबांचे कान गेल्यावर आपण दोघांनी त्यांची किती नक्कल केली! मला आबा व्हायचं नव्हतं. लोकांनी बहिरा म्हणण्यापेक्षा तू मला दुष्ट समजलेलं चाललं मला. नंतर तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. तुला वाटलं असेल, माज आलाय. अगं, भीती वाटत होती. उचलला असता तर पुन्हा अंदाजाने काहीतरी बोललो असतो.

भाऊजींवर माझा जीव होता. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला मी त्यांचाच कोट घालून गेलो होतो, बाह्या चार बोटं लांब. त्यांच्या बायकोला मी 'सुटलीस' म्हणालो. हे मला माणसासारखं झोपू देत नाही.

बुधवारी कान तपासायला जातोय, यंत्र लागेलसं दिसतं. लागू दे. शनिवारी सकाळी तुझ्याकडे येतो. दार उघडलं नाहीस तरी चालेल, पायरीवर बसेन. माफ केलं असं म्हणू नकोस, समजूतही घालू नकोस. फक्त उजेडात माझ्यासमोर बस, तोंडावर पदर घेऊ नकोस, आणि भाऊजी गेले ते मला सांग. कसे गेले, शेवटी काय बोलले, सगळं. तू सांगितलं होतंस ते मी अजून ऐकलेलं नाही.

तुझं ऐकायला निघालेला,
तुझा धाकटा