तू पाठमोरी होतीस

बुधवार, ९ जानेवारी

प्रिय धाकटे,

तुला पोटभर आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. माझे गुडघे तेवढे वेगळं बिऱ्हाड करायच्या विचारात आहेत. अक्षर बघून दचकू नकोस, म्हातारपणी मी काही शाळेत गेले नाही. मी बोलतेय आणि माझी नात लिहितेय. आम्ही तिला मास्तरीण म्हणतो. कुणाचं काही चुकलं की ती आधी चष्मा सावरते. बघ, आत्ताही सावरला.

तुझं पत्र मिळालं. 'ताई, झालं गेलं विसरू, एकदा ये, जवळ बसू' एवढं मी तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं. चाळीस वर्षांत तुझा आवाज ऐकला नव्हता, तो मास्तरणीच्या तोंडून ऐकला. पुढची ओळ मात्र एकदाच ऐकली.

उत्तराला उशीर झाला त्याचं खापर मी परीक्षेवर फोडणार होते. मास्तरणीची इंग्रजीची परीक्षा होती. घरभर घोकंपट्टी. गोऱ्या लोकांनी जवळ जवळ येण्याला किती शब्द करून ठेवलेत, तुला सांगते! माणसं जमली की क्राउड, मधमाश्या जमल्या की स्वार्म, पाखरांचा फ्लॉक, झुबका असला की क्लस्टर. कुशीत शिरलं की स्नगल, आणि थंडीनं अंग चोरून एकमेकांना चिकटलं की हडल. मी म्हटलं, "अगं, आपल्याकडे काय दुष्काळ आहे? घोळका, थवा, झुंबड, गराडा, कोंडाळं."

"आजी, हडल वेगळं. तू कधी पाहिलंयस का हडल?"

आता हे कुणाला विचारतेय! जिनं अर्धा जन्म कोंबडीच्या पिल्लांच्या शेडमध्ये काढला तिला. मी म्हटलं, चल, दाखवते.

तर गेल्या आठवड्यात आम्ही आपल्या त्या शेडमध्ये गेलो. हो, त्याच. बाहेरून सगळं बदललंय, भिंतीवर ऊब सांगणारं यंत्र आहे. पण आत पाऊल टाकलं आणि तोच वास, तोच भुसा, तीच पत्र्याची गोल छत्री आणि तिच्याखाली दिवे. छत्री अजून कप्पीवरच्या दोरीनंच खाली-वर करतात. एका दिवसाची पिल्लं होती. हजार तरी असतील. तिथल्या बाईंनी यंत्र बघून सांगितलं, सगळं ठीक आहे. मला आकडे कुठे वाचता येतात? मी खाली बघितलं. सगळी एका अंगाला सरकून बिलगली होती आणि आवाज चढा होता.

"बाई, त्या बाजूला ऊब नाही."

"आजी, यंत्र बरोबर दाखवतंय."

"यंत्राला थंडी वाजत नाही हो."

त्यांनी वाकून पाहिलं. एक दिवा गेलेला होता. नवा लावला, छत्री थोडी खाली घेतली आणि आम्ही तिघी बघत राहिलो. तुला आठवतं ना, ते कसं होतं? आधी कडेचं एक पिल्लू सुटतं. मग दोन. मग तो अख्खा पिवळा गोळा सैल होत जातो, जणू कुणी आतून हळूच श्वास सोडला. बघता बघता सगळी छत्रीखाली एकसारखी पसरली, आवाज उतरून नुसती कुजबुज राहिली. अंड्यातून काल आलेला जीव. आई बघितली नाही, शिकवलं कुणी नाही, तरी गारठ्यात शेजाऱ्याला धरायचं आणि ऊब मिळाली की त्याला जागा द्यायची, हे त्याला ठाऊक. इतकी वर्षं हे रोज पाहिलं, तरी माझ्या अंगावर काटा आला. मास्तरीण चष्मा सावरायचीसुद्धा विसरली.

परतताना मी तिला विचारलं, "आणि ती भ्यायली, गारठली, कोपऱ्यात एकमेकांवर चढली, वरची जगली आणि खालची गुदमरली, तर त्याला काय म्हणतात?" तिनं सगळी यादी चाळली. म्हणाली, "आजी, तसा शब्द यात नाही."

नसूदे. आपण दोघींनी तो ढीग पाहिलाय.

मास्तरणी, आता थांबू नकोस. मी म्हणेन तसं लिही.

धाकटे, ती पिल्लं तुझ्या हातून मेली नाहीत. आदल्या दुपारी भुसा बदलायला छत्री मी वर ओढली होती. तेवढ्यात खाद्याची गाडी आली. गाडीवाला कोण होता ते तुला माहीत आहे, आणि हे लिहिणारीचे ते आजोबा. मी गप्पा मारायला गेले आणि छत्री वरच राहिली. सकाळची पाळी तुझी. मी आले तेव्हा तू कोपऱ्यात ढीग उपसत होतीस, वरची जिवंत पिल्लं ओच्यात भरत होतीस आणि मोठ्यानं रडत होतीस. तू पाठमोरी होतीस. मी दोरी सोडली आणि छत्री जागेवर आणली. मुकादम आला तेव्हा छत्री बरोबर होती. म्हणजे रात्री दार उघडं राहिलं असणार, असं त्यानं धरलं, आणि दार लावायचं काम तुझ्याकडे. त्यानं तुला कामावरून काढलं. मी शेजारीच उभी होते.

विसर एक वेळ माफ होतो. दोरी सोडली ती विसरून नव्हे.

तुझे भाऊजी होते तोवर पत्र त्यांच्याकडून लिहून घ्यावं लागलं असतं, नंतर मुलाकडून. ज्याला अक्षर येत नाही त्याला गुपचूप कबुलीही देता येत नाही बघ. दर वेळी कुणाच्या तरी नजरेतून उतरावं लागतं. मला वाटायचं, तू विसरली असशील, संसारात रमली असशील. आणि तुझ्या पत्रातल्या त्या पुढच्या ओळीवरून आता कळतं की तू चाळीस वर्षं स्वतःलाच दोष देत बसलीस, वर माझीच माफी मागतेस.

मास्तरणीनं एकही शब्द खोडलेला नाही. माझ्याकडे बघतही नाहीये. लिहितेय फक्त.

रविवारी सकाळच्या बसनं येते. पत्र त्याआधी पोचायला हवं, म्हणून आजच टाकायला सांगितलंय. तुला माहीत नसताना तू मला जवळ घेतलं असतंस, तर तीही चोरीच झाली असती. दार उघडलं नाहीस तर मी परतीची बस धरेन, रागावणार नाही. उघडलंस, तर मी उंबऱ्याबाहेरच उभी राहीन. पुढचं तू ठरव.

अजून म्हणू दिलंस तर,
तुझी ताई